डॉकरची आरसी आवृत्ती कारखान्याच्या सर्व्हरआधी कुठे आणि कशी चालवायची

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टेरी टॉवेल कारखान्याचं ऑर्डर आणि पॅकिंगचं सॉफ्टवेअर मी सांभाळते. सगळं डॉकरवर आहे, म्हणजे प्रत्येक प्रोग्राम आपापल्या बंद डब्यात (कंटेनरमध्ये) चालतो: वेब ॲप, पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर. डॉकरची नवी आवृत्ती पक्की होण्याआधी तिची आरसी, म्हणजे रिलीज कँडिडेट, टेस्ट चॅनेलवर येते. ती मी आधीच चालवून बघते. नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या २९ व्या आवृत्तीने किमान एपीआय, म्हणजे इतर साधनं डॉकरशी ज्या भाषेत बोलतात तिची आवृत्ती, १.४४ केला आणि जुन्या एपीआयने बोलणारी कितीतरी साधनं अडली. असलं काही माल भरायला ट्रक दारात उभा असताना कळू नये, एवढंच.

कारखान्याच्या सर्व्हरवर हा प्रयोग नको, रात्री कोणी नसतं म्हणूनसुद्धा नको. ऑफिसातल्या जुन्या डेस्कटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स टाका (संगणकाच्या आत दुसरा, आभासी संगणक चालवणारं सॉफ्टवेअर), त्यात उबंटू २४.०४ ही लिनक्स. चार जीबी रॅम आणि चाळीस जीबी डिस्क आमच्या कामाला पुरते. उबंटू बसला की ते आभासी मशीन बंद करून स्नॅपशॉट घ्या, म्हणजे त्या क्षणाची जशीच्या तशी साठवलेली प्रत. परतीचा रस्ता हाच. आरसीवरून जुन्या आवृत्तीवर उतरायचा खटाटोप मी करत नाही. डेटाची मांडणी बदललेली असली तर उतरणं अंगाशी येतं.

डॉकरची अधिकृत अॅप्ट रिपॉझिटरी (उबंटू जिथून पॅकेज उतरवतो तो साठा) नेहमीसारखी जोडा. तिच्या फाइलमध्ये जिथे ‘स्टेबल’ लिहिलंय, तिथे पुढे ‘टेस्ट’ हा शब्दही टाका, यादी ताजी करा आणि उपलब्ध आवृत्त्या बघा. नावात ‘आरसी’ असलेली निवडून इंजिन आणि सीएलआय (आपण कमांड देतो तो भाग) दोन्हींना तीच आवृत्ती द्या, सोबत कंटेनरडी हा कंटेनर चालवणारा भाग. मग पॅकेज होल्डवर ठेवा, म्हणजे ती आपोआप बदलणार नाहीत, नाहीतर पक्की आवृत्ती आली की अपडेटमध्ये ती गुपचूप बसेल आणि आपण नक्की काय तपासलं तेच कळणार नाही. ‘डॉकर व्हर्जन’ क्लायंट आणि सर्व्हर वेगवेगळे दाखवतो. दोन्ही आकडे वहीत लिहा.

आता खरं काम. हॅलो-वर्ल्ड हा डॉकरचा छोटा नमुना कंटेनर चालला म्हणून खूश होणारे खूप बघितलेत. त्यातून इंजिन जागं आहे एवढंच कळतं. आपली कंपोज फाइल (कोणते कंटेनर कसे चालवायचे ते लिहिलेली) उचला, कालच्या बॅकअपचा पोस्टग्रेस डंप, म्हणजे डेटाची फाइल, आत भरा, ग्राहकांचे मोबाइल नंबर आधी खोटे करा. आणि इथे थांबून एक गोष्ट तपासा: एसएमएसची किल्ली, ईमेलचा पासवर्ड, बारकोड प्रिंटरचा पत्ता. व्हर्च्युअलबॉक्सचं नेटवर्क एनएटीवर, म्हणजे यजमान संगणकाच्या आडून, असलं तरी आतून बाहेर जाता येतंच. हे बदललं नाही तर चाचणीतली पॅकिंग लिस्ट खऱ्या व्यापाऱ्याला जाईल.

मग रोजचीच कामं करा. ऑर्डर टाका, लेबल फाइलमध्ये काढा, इमेज नव्याने बिल्ड करा, बॅकअपची स्क्रिप्ट चालवा. देखरेखीचं जे काही साधन डॉकरच्या सॉकेटशी, म्हणजे त्याचा एपीआय जिथे ऐकतो त्या दाराशी, बोलतं, ते जरूर लावा. मोडतं ते बहुधा तिथेच. शेवटी मशीन झटक्यात बंद करा, नीट शटडाउन न करता. उन्हाळ्यात आपल्याकडे वीज कशी जाते ते सांगायला नको. परत चालू केल्यावर कंटेनर आपोआप उठतात का, व्हॉल्यूममधल्या (डॉकर डेटा कायमचा ठेवतो त्या जागेतल्या) ऑर्डर जागेवर आहेत का, ते बघा. नसतील तर डॉकर सेवेचा जर्नल लॉग काढा.

दोष सापडला तर आधी स्नॅपशॉटवर जाऊन तोच प्रकार स्टेबल आवृत्तीवर करा. तिथेही मोडलं तर आरसीला दोष नको. फक्त आरसीवर मोडलं, तर गिटहबवर मोबी प्रकल्पात (डॉकर इंजिनचा मूळ कोड तिथे असतो) नोंदवा: ‘डॉकर व्हर्जन’ आणि ‘डॉकर इन्फो’चं आउटपुट, लॉग, आणि लहानात लहान कंपोज फाइल जिच्यात तो दोष दिसतो. पासवर्ड पुसून.

पक्की आवृत्ती आल्यावर हीच चाचणी कोऱ्या स्नॅपशॉटवर पुन्हा करा, आरसीवर चढवून नाही. मग सर्व्हरची वेळ ठरवा. जानेवारीत सोलापुरात भरणाऱ्या गड्डा यात्रेच्या दिवसांत मी अपग्रेडला हात लावत नाही, काही अडलं तर मदतीला माणूस मिळत नाही.