खानापूर-हलशीला निघायच्या आधी

बेळगावला आलेला पाहुणा थेट गोव्याची वाट धरतो आणि खानापूर तसंच राहून जातं. तुम्ही मुद्दाम एक दिवस काढणार असाल तर आधी एवढं ठरवा की नंदगड-हलशीची बाजू करायची की जांबोटी-कणकुंबीची, कारण नकाशात दोन्ही जवळ वाटतात पण बसने दोन्ही करायला गेलात तर निम्मा दिवस स्टँडवरच जाणार. मला विचाराल तर पहिल्यांदा हलशीच.

बेळगाव ते खानापूर साधारण 26 किमी, बस मिळतात, पण पाट्या कन्नडमधे, वाचता येत नसेल तर सरळ कंडक्टरला विचारा की, लाजायचं काय त्यात. आधार जवळ ठेवा, कर्नाटकातला पत्ता असेल तर बायकांना साध्या सरकारी बसला 2023 पासून पैसे नाहीत, फक्त शून्याचं तिकीट मागून घ्यायचं. कोल्हापूरहून आलेल्या वहिनींना मात्र पूर्ण तिकीट, त्यावरून बसमधे चेष्टा होतेच! सुट्टे पैसे घ्या. खानापुरात उतरल्यावर आधी परतीच्या शेवटच्या बसची वेळ विचारून घ्या, मग चहा.

हलशीच्या वाटेत नंदगडला उतरायचं. कित्तूरच्या राणी चन्नम्माचा शूर शिलेदार संगोळ्ळी रायण्णाला 26 जानेवारी 1831 ला इंग्रजांनी इथंच फाशी दिली, ते वडाचं झाड आणि समाधी लोक कुणीही दाखवतात. हलशी म्हणजे कदंब राजघराण्याची जुनी राजधानी, आता साधं खेडं. भूवराह नरसिंहाच्या देवळात दोन गाभारे समोरासमोर आहेत, एकीकडे वराह, दुसरीकडे नरसिंह, मधे उभं राहिलं की पाठ कुणाकडे करायची कळत नाही. आत अंधार असतो म्हणून टॉर्च घ्या, मोबाईलच्या बॅटरीवर विसंबू नका, आणि उन्हाळ्यात जुने मोजे बॅगेत टाका, चप्पल काढल्यावर फरशी अशी तापलेली असते की प्रदक्षिणा पळतच होते.

पाणी, चुरमुरे, दोन केळी, बास. पावसाळ्यात कणकुंबीला मलप्रभेचा उगम बघायला जाणार असाल तर छत्री नको, रेनकोट घ्या, शिवाय मीठ, कारण पायाला जळवा चिकटतात. भीमगडच्या जंगलात वनखात्याला न विचारता शिरायचं नाही.

कुंदा, म्हणजे बेळगावची दुधाची मिठाई, परत बेळगावला आल्यावर घ्या, सकाळीच घेऊन दिवसभर उन्हातून फिरवू नका.