बोटीवरचं मैलाशुद्धी यंत्र रुसलं तर: आधी पाणी, मग वायर, सगळ्यात शेवटी ॲसिड

अमेरिकेतल्या चेसापीक उपसागरात एप्रिलमध्ये शिडाच्या बोटी पाण्यात उतरल्या की धक्क्यावर एक तक्रार हमखास ऐकू येते: संडासाच्या यंत्राचे अँपियर, म्हणजे त्यातून वाहणारी वीज, वर चढत नाहीत, इशाऱ्याचा दिवा लागतोय. शेजारच्या बोटीवरून सल्लाही ठरलेला मिळतो, ‘ॲसिड ओता’. कृपा करून लगेच ओतू नका. वसंतातला हा बिघाड बहुतेक वेळा यंत्रात नसतोच.

खाऱ्या पाण्यातून वीज सोडून मैला निर्जंतुक करणाऱ्या यंत्राबद्दल मी बोलतोय. अमेरिकी नियमांत ते टाइप वन गटात येतं आणि ६५ फुटांपर्यंतच्या बोटींना चालतं. मैला दळला जातो, टाकीतल्या धातूच्या पट्ट्यांमधून वीज वाहते, पाण्यातल्या मिठापासून हायपोक्लोरस आम्ल, म्हणजे क्लोरीनचं जंतुनाशक रूप, तयार होतं आणि तेच जंतू मारतं. बाहेर पडणाऱ्या पाण्यात १०० मिलिलिटरमागे १,००० पेक्षा जास्त कॉलिफॉर्म जिवाणू नसावेत, तरंगणारा मैला दिसू नये, एवढी अट आहे. मीठ नाही तर क्लोरीन नाही, आणि क्लोरीन नाही तर तुम्ही दळलेला मैला उपसागरात सोडताय.

कमोडच भरत नसेल किंवा मैला मागे येत असेल, तर यंत्राला हात लावू नका. सीकॉक, म्हणजे बोटीच्या तळातल्या भोकावरचा नळ, उघडा आहे का ते पाहा आणि मैला मागे येऊ न देणारा जोकर व्हॉल्व्ह बदला. तो रबराचा तुकडा दर वर्षी बदलायचाच असतो.

वास येत असेल तर गरम पाण्यात पिळलेलं फडकं पाइपवर थोडा वेळ गुंडाळा, काढा आणि हुंगा. फडक्याला वास लागला तर पाइप मुरलाय, नवा घाला. सकाळच्या पहिल्या फ्लशलाच सडक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर तो मैल्याचा नाही. आत येणाऱ्या पाइपात रात्रभर साचलेल्या समुद्राच्या पाण्याचा आहे.

आता अँपियर. इथेच लोक आठवडे घालवतात, कारण तीन वेगळी कारणं मीटरवर एकसारखी दिसतात: पाणी पुरेसं खारं नाही, वीज पुरेशी पोहोचत नाही, किंवा पट्ट्यांवर कीट चढलंय. तपासायचा क्रम हाच ठेवा.

पाणी आधी. खुल्या समुद्रात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. चेसापीकच्या वरच्या टोकाला, जिथे सस्क्वेहाना नदी मिळते, पाणी जवळजवळ गोडं असतं. वसंतात नदीला पूर आला की मचूळ पाणी आणखी खाली सरकतं. पावसाळ्यात मांडवीचं मुख ज्यांनी पाहिलंय त्यांना हे सांगायला नको. त्यात पाणी गार असतं. तापमान एक अंशाने घसरलं की पाण्याची वीज वाहून नेण्याची क्षमता सुमारे २ टक्क्यांनी उतरते, म्हणजे ऑगस्टमध्ये उत्तम चालणारं यंत्र एप्रिलमध्ये त्याच जागी अडतं. माशांच्या टाक्यांच्या दुकानात खारेपणा मोजायचा स्वस्त मीटर मिळतो, तो बोटीवर असलाच पाहिजे. मीटर नसेल तर बादलीत लिटरला ३५ ग्रॅम या हिशेबाने मीठ पूर्ण विरघळवा, ते पाणी कमोडमध्ये ओता आणि यंत्राची फेरी, म्हणजे दळण्या-निर्जंतुक करण्याचं एक आवर्तन, चालवा. एका फेरीवर निकाल देऊ नका. टाकीत जुनं पाणी भरलेलं असतं, खारं पाणी पट्ट्यांपर्यंत पोहोचायला तीन-चार फ्लश लागतात. ‘मीठ घालून पाहिलं, फरक नाही’ म्हणणारे बहुतेक जण पहिल्याच फ्लशला थांबलेले असतात. अँपियर चढले तर प्रश्न सुटला: मिठाच्या पाण्याची छोटी टाकी जोडून घ्या. कमोड बोटीतल्या पिण्याच्या पाण्यावर चालत असेल तर ती बारा महिने लागेल.

अँपियर चढले नाहीत तर वायर. यंत्र बंद असताना टर्मिनलवर १२.६ व्होल्ट दिसले म्हणून वायर ठीक आहे असं मानणं हा या कामातला सर्वात वाईट सल्ला आहे. १२ व्होल्टवर ही यंत्रं ४० अँपियरच्या आसपास ओढतात. गंजलेल्या एका जोडात नुसता ०.०५ ओहम अडथळा असला तरी ४० अँपियरला तिथे २ व्होल्ट गळतात, आणि यंत्र बंद असताना ही गळती अजिबात दिसत नाही. म्हणून फेरी चालू असतानाच मोजा. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या धन टोकावर, दुसरी यंत्राच्या धन टर्मिनलवर. मग तसंच ऋण बाजूला. कुठल्याही बाजूला अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर फ्यूजचा होल्डर, लग (वायरच्या टोकाची धातूची कडी), स्विच असं एकेक जोड ओलांडत मोजत जा. ऋण बाजू लोक विसरतात आणि गंज बिल्जजवळच्या, म्हणजे पाणी साचणाऱ्या बोटीच्या तळाजवळच्या, तिथल्याच जोडाला धरतो. धक्क्यावर चार्जर लावलेला असताना यंत्र चालतं पण नांगरावर अडतं, असं असेल तर दोष वायरमध्ये किंवा बॅटरीतच शोधा.

या दोन्ही परीक्षा पार पडल्या तरच पट्ट्या. कॅल्शियम-मॅग्नेशियमचा पांढरा थर ॲसिडने निघतो, पण टाकीत क्लोरीनचं पाणी उरलेलं असताना ॲसिड ओतलंत तर विषारी क्लोरीन वायू सुटतो, आणि शिडाच्या बोटीचं संडास म्हणजे बंद कपाट. आधी गोड्या पाण्याने भरपूर फ्लश करा, छताची खिडकी (हॅच) उघडा, बाहेर कुणाला तरी उभं करा, आणि यंत्राचा फ्यूज काढून खिशात ठेवा, कारण ॲसिड आत असताना चुकूनही फेरी सुरू होता कामा नये. प्रमाण पुस्तिकेतलंच घ्या. सुरीने किंवा तारेच्या ब्रशने पट्ट्या खरवडू नका. टायटॅनियमवरचा पातळ लेपच सगळं काम करतो, तो गेला की पट्टी गेली. नंतर पुन्हा गोड्या पाण्याने धुवा, मग फ्यूज लावा.

यंत्र पूर्ववत चालू लागलं की खारेपणा, पाण्याचं तापमान आणि अँपियर वहीत लिहून ठेवा.

विसर्गबंदी क्षेत्रात, म्हणजे जिथे शुद्ध केलेला मैलाही पाण्यात सोडायला मनाई असते तिथे, मात्र उत्तम चालणाऱ्या यंत्रातूनही एक थेंब सोडता येत नाही. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या प्युजेट साउंड या खाडीत २०१८ पासून हाच नियम आहे. तिथे शिरण्यापूर्वी सीकॉक बंद करून त्याचा दांडा काढून ठेवा किंवा त्याला कुलूप लावा. नुसता स्विच बंद केलेला तपासणीत चालत नाही.