नव्या पीसीवर आधी देऊळ, मग ट्रक

म्हापशाहून आणलेले सुटे भाग जोडून नवा पीसी सुरू झाला तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते. पंखे फिरले, स्क्रीन उजळली आणि भाच्यानं पहिलं विचारलं, "आत्ये, माझं देऊळ येईल मगे?"

माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या खेळात त्यानं मंगेशीसारखा सात मजली दीपस्तंभ उभारलाय, अख्खी मे महिन्याची सुट्टी घालवून. खेळ पुन्हा डाउनलोड होतो, दीपस्तंभ होत नाही. म्हणून आधी सेव्ह, म्हणजे खेळातली प्रगती जपून ठेवणाऱ्या फाइली, शोधायचे, खेळांचं नंतर बघायचं.

जुना पीसी फॉरमॅट करायची, म्हणजे पुसून कोरा करायची, घाई नको. मी जुनी हार्डडिस्क काढून साटा केबलनं (डिस्क जोडायच्या वायरीनं) थेट नव्या मदरबोर्डला जोडली. जुन्या 'युजर्स'मधलं आपलं फोल्डर उघडताना विंडोज परवानगी मागतं, तिथे 'कंटिन्यू' दाबून थोडं थांबायचं.

सेव्ह एका जागी नसतात, हीच खरी डोकेदुखी. काही 'डॉक्युमेंट्स'मध्ये, बरेचदा त्यातल्या 'माय गेम्स'मध्ये. काही 'सेव्ह्ड गेम्स'मध्ये. बाकीचे 'ॲपडेटा'त, आणि ते फोल्डर लपवलेलं असतं. एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये 'हिडन आयटम्स'वर खूण केली की दिसतं. आत 'लोकल', 'लोकललो' आणि 'रोमिंग' अशा तीन खोल्या, तिन्ही धुंडाळायच्या. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीची जगं 'रोमिंग'मधल्या '.माइनक्राफ्ट'च्या 'सेव्हज'मध्ये असतात आणि क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या साठ्यात, आपोआप जात नाहीत. नव्या पीसीवर खेळ टाकून एकदा उघडला, बंद केला आणि मग देवळाचं फोल्डर त्याच जागी नेऊन ठेवलं. देऊळ कळसासकट आलं.

माझा खेळ यूरो ट्रक सिम्युलेटर २. दिवसभर हिशेबाच्या वह्या तपासून रात्री मी युरोपात ट्रक हाकते, घरात सगळे हसतात, हसू देत. प्रोफाइल बनवताना मी क्लाउडची खूण केली नव्हती, त्यामुळे ते 'डॉक्युमेंट्स'मध्ये खेळाच्या नावाच्या फोल्डरात 'प्रोफाइल्स'मध्ये सापडलं. आतल्या फोल्डरचं नाव म्हणजे नुसते आकडे-अक्षरं. घाबरू नका, तेच तुमच्या प्रोफाइलचं नाव, संकेतात लिहिलेलं. नव्या विंडोजनं 'डॉक्युमेंट्स' गुपचूप वनड्राइव्हखाली (मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडच्या फोल्डरात) नेलेलं असेल तर फाइल तिथे ठेवायची, नाहीतर खेळाला ती दिसणारच नाही.

क्लाउडवर डोळे झाकून विसंबू नका. शेतीच्या एका खेळात मी उत्साहानं नव्या पीसीवर आधी नवा डाव सुरू केला. पुढे क्लाउडनं विचारलं, इथला सेव्ह ठेवू की तिथला? मी ताज्या तारखेचा निवडला, आणि ताजा होता तो रिकामा! तीन वर्षांची शेती गेली. जुनी डिस्क शाबूत होती म्हणून ती परत मिळाली.

खेळांचं काम त्या मानानं सोपं. स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानाच्या 'स्टीमॲप्स'मधलं 'कॉमन' फोल्डर नव्या डिस्कवरच्या 'स्टीमॲप्स'मध्ये कॉपी करा, मग स्टीममध्ये त्याच जागी 'इन्स्टॉल' दाबा. आधीच्या फाइली ओळखून तो कमी असेल तेवढंच उतरवतो. दोन्ही पीसी चालू असतील तर स्टीम घरच्या नेटवर्कवरूनही खेळ घेतो. एपिक या दुसऱ्या दुकानावर युक्ती उलटी: डाउनलोड सुरू करून थोड्या वेळानं थांबवायचं, लाँचर (एपिकचा प्रोग्राम) बंद करायचा, जुनं फोल्डर त्यावर टाकायचं आणि पुन्हा चालू करायचं.

पेन ड्राइव्हवरून नेत असाल तर तो एक्सफॅट या मांडणीत फॉरमॅट करा. फॅट३२ या जुन्या मांडणीवर ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही. आणि 'कट' कधीच नको, 'कॉपी'च. आमच्या डिचोलीत श्रावणात वीज कधी जाईल सांगता येत नाही, अर्ध्यात गेली तर निदान मूळ शाबूत राहतं. त्या रात्री मी यूपीएस लावून कॉपी सुरू ठेवली आणि झोपले. पहाटे पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजला तेव्हा शेवटचे ६ जीबी उरले होते.

पाव आणून चहा ठेवला, तेवढ्यात भाचा दीपस्तंभाच्या सातव्या मजल्यावर चढून आठव्याची तयारी करत होता.