व्ह्यू मंदावला? आधी एक्झिक्युशन प्लॅन वाचा

म्हापशातला एखादा घाऊक व्यापारी घ्या. पेडण्यापासून काणकोणपर्यंत माल जातो, चतुर्थी जवळ आली की थकबाकीचा रिपोर्ट सारखा लागतो. त्यामागे पोस्टग्रेस या डेटाबेसमधला एक व्ह्यू, म्हणजे नाव देऊन ठेवलेली क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न): बिलं, पावत्या आणि गिऱ्हाइकं जोडलेली. बाकी एकाच दुकानाची हवी असते, तरी रिपोर्ट यायला वेळ लागतो.

साध्या व्ह्यूत डेटा साठलेला नसतो. पोस्टग्रेस त्याची व्याख्या तुमच्या क्वेरीत उलगडतो आणि मग एक्झिक्युशन प्लॅन, म्हणजे क्वेरी कोणत्या पायऱ्यांनी चालवायची ते, ठरवतो. त्यामुळे इंडेक्स, म्हणजे ओळी पटकन शोधायची सूची, लावायचा तो मूळ टेबलावर. पण घाईने लावू नका.

मंद क्वेरी तिच्या सगळ्या अटींसह घ्या आणि तिच्या आधी ‘एक्सप्लेन’, कंसात ‘अ‍ॅनालाइझ, बफर्स’ लिहून चालवा; उत्तरात प्लॅन दिसतो. क्वेरी यात खरोखर चालते. अपडेट किंवा डिलीट तपासायचं असेल तर ट्रान्झॅक्शन उघडा आणि शेवटी रोलबॅक करा, म्हणजे बदल मागे घेतला जाईल.

आता प्लॅन आतल्या ओळींपासून वाचा. प्लॅनच्या प्रत्येक पायरीवर टेबलातल्या किती ओळी येतील याचा अंदाज आणि प्रत्यक्ष आकडा असतो. अंदाज १ आणि प्रत्यक्षात ४०,००० निघाल्या, तर बिघाड बहुधा तिथेच सुरू होतो: थोड्याच ओळी येतील असं समजून नेस्टेड लूप, म्हणजे एका बाजूच्या प्रत्येक ओळीसाठी दुसरी बाजू पुन्हा शोधणं, निवडला गेलेला असतो. ‘लूप्स’, म्हणजे ती पायरी किती वेळा चालली, नक्की पाहा. दाखवलेला वेळ एका फेरीचा सरासरी असतो, ०.०५ मिलिसेकंद किरकोळ वाटतो, पण ४०,००० फेऱ्यांचे २ सेकंद होतात. अशा वेळी मूळ टेबलांवर ‘अ‍ॅनालाइझ’ ही वेगळी कमांड चालवून अंदाजामागची आकडेवारी ताजी करा आणि प्लॅन पुन्हा काढा. छोट्या टेबलावरचा सिक्वेन्शियल स्कॅन, म्हणजे अख्खं टेबल वाचणं, मात्र खुशाल राहू द्या.

मग तुमची अट कुठे लागली ते शोधा. माझ्या मते खरी मेख इथेच असते. दुकानाची अट खालच्या स्कॅनवर दिसली तर ठीक. सगळा हिशेब झाल्यावर वर ‘फिल्टर’ म्हणून दिसली, तर पूर्ण गोव्याचा हिशेब एका दुकानासाठी झाला. व्ह्यूत लिमिट, म्हणजे ओळींच्या संख्येची मर्यादा, असेल तर अट आत जात नाही. चालती बाकी काढणारं विंडो फंक्शन (प्रत्येक ओळीसाठी आसपासच्या ओळींवरून हिशेब करणारं) असेल, तर फक्त ‘पार्टिशन बाय’मधल्या, म्हणजे ओळींचे गट पाडणाऱ्या, कॉलमची अट आत जाते. दुकान तिथे लिहा. तारखेची अट बाहेरच राहते, आणि ते बरोबर आहे. नाहीतर बाकीच चुकेल.

एवढं करूनही रिपोर्ट जड असेल आणि सकाळचे आकडे दिवसभर चालत असतील, तर मटेरियलाइज्ड व्ह्यू, म्हणजे निकाल साठवून ठेवणारा व्ह्यू, करा. त्यावर युनिक इंडेक्स (एकही किंमत दोनदा येऊ न देणारा) ठेवा, म्हणजे ‘कन्करंटली’, वाचन चालू ठेवून, रिफ्रेश करताना काउंटरवरचं काम अडणार नाही.