तोरणमाळला कॅमेरा नेण्यापूर्वी

मागील डिसेंबरात दीड किलोचा ट्रायपॉड पाठीवर वाहून मी सातपुड्यातील तोरणमाळच्या सीताखाईच्या काठावर पोचलो. सूर्य कलला होता, दरीत सावली उतरत होती, आणि ट्रायपॉडचे पाय पसरून झाल्यावर लक्षात आले की कॅमेरा ट्रायपॉडला अडकवण्यासाठी त्याच्या तळाशी बसवायची चौकोनी प्लेट जळगावात, माझ्या टेबलावर, चार्जरशेजारी राहिली आहे. त्या प्लेटशिवाय ट्रायपॉड म्हणजे तीन काठ्यांची मोळी. धुळ्याहून आलेला मित्र ‘काय जयं भाऊ?’ असे विचारत राहिला आणि मला उत्तर द्यावेसे वाटेना. पुढील यादी त्या संध्याकाळीच तयार झाली, त्यामुळे तिच्यात प्लेटचा उल्लेख वाजवीपेक्षा अधिक वेळा येईल.

प्लेट राहते ती विसराळूपणामुळे नव्हे, तर चार्जिंगमुळे. अनेक कॅमेऱ्यांत बॅटरीचे झाकण तळाशी असते आणि मोठी प्लेट ते झाकण अडवते. म्हणून आदल्या रात्री प्लेट काढली जाते, बॅटरी चार्जरला लागते, सकाळी घाईत बॅटरी परत आत जाते आणि प्लेट तिथेच राहते. तेव्हा बॅटरी आत घातली की त्याच क्षणी प्लेट बसवावी, स्क्रू नाण्याने घट्ट पिळावा आणि ते नाणे कॅमेऱ्याच्या पिशवीतच ठेवावे. दुसरी प्लेट विकत घेऊन ट्रायपॉडच्या हेडवरच, म्हणजे कॅमेरा बसतो त्या वरच्या भागावरच, अडकवून ठेवणे सर्वांत उत्तम. मात्र ती त्याच हेडची असावी, कारण एका बनावटीची प्लेट दुसऱ्या हेडच्या खाचेत बसेलच असे नाही, आणि हे घरी पाहावे, डोंगरावर नव्हे.

बॅटऱ्या तीन, कार्डे दोन. थंडीत बॅटरी लवकर उतरते आणि हजार मीटरहून अधिक उंचीवरच्या तोरणमाळला डिसेंबरातील रात्र चांगलीच बोचते, म्हणून जादा बॅटऱ्या झोपताना अंगाजवळ, स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवाव्यात.

लेन्सच्या बाबतीत मन आवरावे. शहाद्याहून एस.टी.ने निम्म्या वाटेपर्यंत येऊन उरलेला घाट आम्ही पायी चढलो, तेव्हा ‘असू द्यावी’ म्हणून घेतलेल्या तिसऱ्या लेन्सने मला जितके छळले तितके तीन लिटर पाण्यानेही नाही, कारण पाणी निदान पिऊन कमी होते. सॅकचे एकूण वजन आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आत राहावे, ही चालणाऱ्यांची जुनी आणि खरी मर्यादा आहे. एक वाइड (रुंद दृश्य टिपणारी) आणि एक मध्यम टेलिफोटो (दूरचे जवळ आणणारी) एवढ्यावर सातपुडा नीट टिपता येतो. दरीपलीकडील एकामागून एक फिकट होत गेलेल्या डोंगररांगा तर टेलिफोटोतच खुलतात. पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करून आकाश गडद करणारा फिल्टर, घ्यावा, पण तो सूर्याशी काटकोनात असलेल्या आकाशावर सर्वाधिक परिणाम करतो आणि वाइड लेन्सवर आकाशाचा एक तुकडा विनाकारण गडद करतो, हे ध्यानात ठेवावे.

बेसाल्टचे काळे कडे आणि त्यांच्यावरचे उजळ आकाश एकाच फोटोत धरायचे तर एक एक्स्पोजर कड्यासाठी आणि एक आकाशासाठी, जागचे न हलता, घ्यावे लागते. म्हणजे ट्रायपॉड. म्हणजे प्लेट. मी त्या दिवशी कॅमेरा सॅकवर टेकवून, खाली रुमाल सारून प्रयत्न केला. दोन्ही फोटोंतील क्षितिज वेगवेगळ्या बाजूंना झुकले आहे. रात्री यशवंत तलावावर मृग नक्षत्र उगवले तेव्हा तर काहीच करता आले नाही, कारण ताऱ्यांसाठी वीस सेकंद शटर उघडे ठेवावे लागते आणि वीस सेकंद स्थिर राहणारा हात अजून जन्माला यायचा आहे. प्लेट तपासली का? पुन्हा तपासावी.

सॅक भरताना जड वस्तू पाठीलगत आणि मध्यावर ठेवाव्यात, कॅमेरा वरच हाताशी राहावा आणि सगळ्याला आतून जाड प्लास्टिकची पिशवी असावी, कारण अवकाळी पाऊस सांगून येत नाही. एस.टी.त सॅक वरच्या फळीवर टाकू नये. खिडकीतून येणारी धूळ आणि रस्त्याचे हादरे या दोन्हींपासून कॅमेरा मांडीवरच वाचतो. दशम्या आणि ठेचा अवश्य न्यावा, परंतु ठेच्याची बोटे लेन्सला लागली तर साधा रुमाल तो तेलकटपणा पुसत नाही, केवळ पसरवतो; लेन्सचे कापड वेगळे आणि बंद पाकिटात असावे. टॉर्च, औषधे, नकाशा डाउनलोड करून ठेवलेला मोबाइल, हे सांगायला नको. पाड्यांवरील माणसांचे फोटो विचारूनच काढावेत.

पहाटेसाठी उजाडण्यापूर्वी तासभर जागेवर असावे. डिसेंबराच्या अखेरीस सूर्य सातनंतर उगवतो, तेव्हा हे फारसे कठीण नाही. तलावाकाठी दव पडते आणि लेन्सवर धुके धरते, ते पुसत बसण्यापेक्षा लेन्सभोवती लोकरीचा मोजा गुंडाळावा. गार कॅमेरा ऊबदार खोलीत आणताना पिशवी बंदच ठेवावी आणि ती खोलीइतकी कोमट होईपर्यंत उघडू नये, अन्यथा हवेतील बाष्प थेट काचेवर जमते. ॲपर्चर, म्हणजे लेन्समधील प्रकाश आत घेणारे छिद्र, एफ-आठ ते एफ-अकरा पुरे. निघण्यापूर्वी प्लेट हेडमध्ये आहे की कॅमेऱ्यावर, ते हाताने चाचपून पाहावे, डोळ्यांवर विसंबू नये. उंच गवतात पडलेली काळी प्लेट डोळ्यांना दिसत नाही.

घरी आल्यावर फोटो दोन ठिकाणी उतरवावेत, धूळ ब्लोअरने उडवावी, ट्रायपॉडचे पाय पुसावेत. बॅटरी चार्जरला लावताना प्लेट काढावी लागलीच तर ती टेबलावर ठेवू नये. चार्जरच्या वायरीलाच बांधावी.