गर्दीतली पेशी ऐकत नाही

पीएचडीचं पाचवं वर्ष संपत आलंय आणि अजूनही मला स्वप्नात सहा वेलची (म्हणजे पेशी वाढवायच्या सहा खळग्यांची) प्लेट दिसते. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर, म्हणजे एंडोथेलियमवर, काम सुरू करणाऱ्या ज्युनिअर्सना मी चहाच्या टपरीवर तेच तेच सांगत असते. म्हटलं, एकदा लिहूनच टाकू. पेशी कशा वाढवायच्या, हूडमध्ये (निर्जंतुक हवेच्या कपाटात) हात कसे ठेवायचे हे तुम्हाला येत असेलच, त्यामुळे ते इथे नाही.

बहुतेकांची सुरुवात ह्युव्हेकपासून होते. बाळाच्या नाळेतल्या शिरेच्या या पेशी वाढवायची पद्धत एरिक जॅफी आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमध्ये १९७३ साली मांडली, आणि आजही आपण थोड्याफार फरकाने तेच करतो. नाळेत दोन धमन्या आणि एक शीर. शीर मोठी, ढिली, पातळ भिंतीची. (माझ्या पहिल्या नाळेत मी धमनीत कॅन्युला (बारीक नळी) घालायची खटपट पाऊण तास करत होते. शेवटी आमच्या लॅबमधल्या टेक्निशियन काकांनी ती हातातून काढून घेतली.) पेशी भिंतीपासून सुटवणारं एन्झाइम, कोलॅजिनेज, दहा-पंधरा मिनिटं, बस. लोभ धरून जास्त वेळ ठेवलंत की खालच्या स्नायूपेशी आणि फायब्रोब्लास्टही निघतात, आणि दोन-तीन पॅसेजनंतर (पेशी नव्या फ्लास्कमध्ये हलवल्यावर) फ्लास्क त्यांच्याच मालकीचा होतो. खऱ्या एंडोथेलियल पेशी भरल्या की जुन्या वाड्याच्या अंगणातल्या फरसबंदीसारख्या दिसतात. डोळ्यांवर विसंबू नका. व्हॉन विलेब्रँड फॅक्टर या रक्त गोठवायला मदत करणाऱ्या प्रोटीनचं स्टेनिंग करा, पेशीभर तांदळाच्या कण्या सांडल्यासारख्या दिसतील. त्या वायबेल-पालाडे बॉडीज, हे प्रोटीन साठवणाऱ्या पिशव्या.

'तयार सेल लाइन (न थांबता वाढत राहणाऱ्या पेशी) घेऊ, नाळेच्या मागे कोण लागतं' असं म्हणणाऱ्यांनी ईसीव्ही-३०४ या लाइनची गोष्ट ऐकावी. १९९० मध्ये ही लाइन आपोआप अमर झालेल्या ह्युव्हेक म्हणून पुढे आली, आणि लोकांनी तिच्यावर वर्षानुवर्षं पेपर काढले. पुढे डीएनए तपासल्यावर कळलं की त्या मूत्राशयाच्या कर्करोगाच्या टी-२४ पेशी आहेत. मॅट्रिजेल नावाच्या प्रोटीनच्या जेलवर त्या नळ्यांसारखी जाळी करायच्या, म्हणून कुणाला शंका आली नाही. मॅट्रिजेलवर जाळी फायब्रोब्लास्टसुद्धा करतात हो! त्या एका फोटोवर 'अँजिओजेनेसिस' (नव्या रक्तवाहिन्या फुटणं) लिहिणाऱ्यांवर माझा राग आहे, तो राहणार.

आता माझा खड्डा. जरा लांबण लागेल, पण हेच सांगायला बसले आहे.

मी एक जनुक एसआयआरएनएने (जनुक गप्प करणाऱ्या आरएनएच्या छोट्या तुकड्याने) दाबत होते आणि पेशी व्हीईजीएफला, म्हणजे रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या प्रोटीनला, कसा प्रतिसाद देतात ते बघत होते. (लॅबमध्ये सगळे 'व्हेज-एफ' म्हणतात, तुम्हीही म्हणाल.) जनुक दाबलं की पेशीवरच्या त्याच्या रिसेप्टर-२ वरचं फॉस्फोरिलेशन (फॉस्फेट लागणं, म्हणजे संदेश चालू असल्याची खूण) दणदणीत वाढायचं, पुढे संदेश नेणाऱ्या ईआरकेचंसुद्धा. तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच. अ‍ॅक्टिनचे बँड (सगळीकडे सारखं प्रोटीन भरल्याची खूण) एकसारखे, ब्लॉट (प्रोटीनच्या पट्ट्यांचं चित्र) देखणा. ग्रुप मीटिंगमध्ये टाळ्या मिळाल्या. अकरा महिने मी 'हे जनुक रिसेप्टरला ब्रेक लावतं' या कल्पनेवर इमले चढवले.

मग उन्हाळ्यात एमएस्सीची एक मुलगी ट्रेनिंगला आली. माझी वही बघून तिने विचारलं, "ताई, कंट्रोलचं बारा मायक्रोलिटर लोड केलंय आणि याचं वीस, असं का?" मी म्हटलं, "अगं, प्रोटीन सारखं करायला. याचं लायसेट पातळ येतं." म्हणून झालं आणि माझ्या पोटात गोळा आला. लायसेट (पेशी फोडून केलेलं द्रावण) पातळ, कारण वेलमध्ये पेशी कमी. एसआयआरएनएने त्यातल्या बऱ्याच मारल्या होत्या आणि उरलेल्या सुट्या सुट्या पसरून बसल्या होत्या. प्रोटीन सारखं करून मी तो फरक माझ्याच हाताने झाकत होते. तिन्ही वेळा. आकडे वहीत माझ्याच अक्षरात होते.

यात बिघडलं काय? एंडोथेलियल पेशी चारी बाजूंनी शेजारणींना चिकटली की व्हीई-कॅडहेरिन या जोडणाऱ्या प्रोटीनने त्यांचे हात धरते. हे कॅडहेरिन रिसेप्टर-२ ला आपल्याजवळ पृष्ठभागावर धरून ठेवतं, आणि तिथे डीईपी-१ नावाचं फॉस्फटेज (फॉस्फेट काढणारं एन्झाइम) रिसेप्टरवरचे फॉस्फेट पुसत बसतं. मिलानमधल्या एलिझाबेटा देजाना यांच्या गटाने २००३ मध्ये हे दाखवलं. २००६ मध्ये त्यांनीच पुढचा भाग दाखवला: कॅडहेरिनचा धरबंध नसेल तर रिसेप्टर पटकन पेशीच्या आत जातो आणि आतूनही संदेश देत राहतो. म्हणजे गच्च भरलेल्या वेलमधली पेशी व्हेज-एफला फारशी दाद देत नाही, विरळ वेलमधली उसळते. शरीराच्या दृष्टीने हे शहाणपणाचंच आहे. भिंत अखंड असेल तर गप्प बसा, भगदाड पडलं तर वाढा. माझं जनुक बिचारं यात कुठेच नव्हतं. दोन्हीकडे पेशींची संख्या सारखी ठेवून केलं, फरक गायब.

म्हणून लायसिसच्या (पेशी फोडण्याच्या) आधी प्रत्येक वेलचा फोटो काढाच. रोज, कंटाळा आला तरी. शेजारच्या एका वेलमधल्या पेशी मोजून आकडा लिहा. आणि पेशी टाकल्यावर प्लेट गोल फिरवू नका, सगळ्या मधे गोळा होतात, मग एकाच वेलमध्ये मधे गर्दी आणि कडेला ओसाड माळ. पुढे-मागे, डावी-उजवीकडे हलवा, पंधरा मिनिटं टेबलावर तशीच राहू द्या, मग इन्क्युबेटरमध्ये. मीडियमच्या बाटलीत आधीच व्हेज-एफ आणि एफजीएफ (आणखी एक वाढ घडवणारं प्रोटीन) असतं हेही विसरू नका. पेशींना आधी त्यांच्याशिवाय उपाशी न ठेवता वरून व्हेज-एफ घातलंत तर जेवलेल्या माणसाला भजी दिल्यासारखं होईल.

घाबरू नका. असा खड्डा सगळ्यांनाच लागतो. अ‍ॅसिटिलकोलिन दिलं की धमनी सैल पडायला हवी, पण शास्त्रज्ञ रॉबर्ट फर्चगॉट यांच्या धमनीच्या पट्ट्या उलट आकसायच्या. पट्टी कापताना आतलं अस्तर खरवडलं जात होतं. ते शाबूत ठेवलं आणि धमनी सैल पडली. अस्तरातूनच काहीतरी निघून स्नायूला 'सैल हो' सांगतं हे १९८० मध्ये छापून आलं. ते काहीतरी म्हणजे नायट्रिक ऑक्साइड, आणि त्याबद्दल १९९८ चं नोबेल त्यांना आणखी दोघांसोबत मिळालं. माझ्या अकरा महिन्यांतून नोबेल निघालं नाही, एक पुरवणी आकृती निघाली.

शेजारणींचं बोलणं हा विषय तर अख्खा वेगळाच. रक्तवाहिनीला नवी फांदी फुटताना जिला जास्त व्हेज-एफ मिळतं ती पेशी पुढारी होते, डीएलएल-४ हे प्रोटीन पृष्ठभागावर काढते आणि शेजारणीच्या नॉच या रिसेप्टरला टोचते. शेजारणीचा रिसेप्टर-२ कमी होतो, ती मागे राहून नळी बांधते. कर्करोगाच्या गाठीत हे डीएलएल-४ अडवलं तर फांद्या भरमसाट फुटतात आणि तरी गाठ खुंटते, हे २००६ मध्ये उंदरांत दिसलं. नळ भरपूर, पाणी नाही. तेव्हा 'फांद्या वाढल्या' एवढ्यावर आनंदू नका, आतून रक्त वाहतंय का बघा.

मधुमेहावर काम करायचं म्हणून ह्युव्हेकमध्ये ग्लुकोज ओतणाऱ्यांना एक विनंती. नाळ नवजात बाळाची आहे, साठीतल्या माणसाच्या डोळ्यातल्या पडद्याची (रेटिनाची) नाही. मधुमेहात रेटिनात पेरिसाइट (बारीक रक्तवाहिनीला बाहेरून लपेटणाऱ्या पेशी) आधी गळतात, त्या तुमच्या प्लेटमध्ये नाहीतच. रक्ताचा प्रवाहही नाही. माझ्या मावशीला डोळ्यात व्हेज-एफविरोधी इंजेक्शन घ्यावं लागतं. तिने मला विचारलं, "तू यावरच करतेस ना?" मी हो म्हटलं, पण हळू आवाजात.

गाइडबद्दल थोडं. मोठं नाव शोधू नका, तुमची कच्ची वही उघडून बघणारा माणूस शोधा. माझ्या वहीकडे वर्षभर कुणी बघितलं नव्हतं, मी स्वतःही नाही. आणि एन (स्वतंत्र नमुन्यांची संख्या) बरोबर तीन म्हणजे तीन वेगळ्या नाळा. एकाच व्हायलचे (गोठवलेल्या पेशींच्या बाटलीचे) तीन वेल नव्हेत. यावर कुणी तुमच्याशी वाद घालेल, घालू दे.

प्रसूतीगृहातून फोन रात्री दोनलाही येतो. आईची संमती आधी घेतलेली आहे ना, ते फोनवरच विचारा. बर्फाचा डबा संध्याकाळीच भरून ठेवा, आणि स्कूटीत पेट्रोल आहे का बघून झोपा.