ख्रिसमस ट्रीने मान टाकली? आधी पाण्याचा तांब्या खाली ठेवा

पाऊस परतला, ऑक्टोबरचं ऊन चटके द्यायला लागलं, की गॅलरीतल्या ख्रिसमस ट्रीबद्दल विचारणा सुरू होते. फांद्या लोंबल्यात, शेंडा वाकलाय, रंग उतरलाय. विचारणाऱ्याने तोवर रोज दोन तांबे पाणी ओतलेलं असतं. लोंबलेलं झाड तहानलेलंच असणार, हा समज या दिवसांत झाडाच्या जिवावर बेततो.

मुंबईत 'स्प्रूस' किंवा 'ख्रिसमस ट्री' म्हणून जे मिळतं, ते बहुतेक अरोकेरिया असतं. मूळचं प्रशांत महासागरातल्या बेटांवरचं, त्यामुळे आपली दमट हवा त्याला मानवते. खरा स्प्रूस थंडीतला. आपल्या देशात तो हिमालयात, २००० मीटरच्या वर वाढतो. त्याच्या डहाळ्या निरोगी असतानाही खाली लोंबतात, तो आजार नव्हे. मनालीहून कुणी हौसेने रोप आणलं असेल तर एक सुई, म्हणजे सुईसारखं पान, चिमटीत फिरवून पाहा. स्प्रूसची सुई चौकोनी असते, बोटांत सहज फिरते. सुया गळालेली डहाळी हाताला खरखरीत लागते. अरोकेरियाच्या फांद्या छत्रीच्या काड्यांसारख्या मजल्यामजल्याने फुटतात. स्प्रूसच निघाला तर गार, सावलीचा कोपरा द्या. पण मुंबईचा मे तो काढेल याची फार आशा धरू नका. पुढचं सगळं अरोकेरियाबद्दल.

कबाबाची बांबूची काडी कुंडीत तळापर्यंत खुपसा आणि दहा मिनिटांनी काढा. वरची माती कोरडी आणि काडीचं टोक काळं, ओलं, आंबूस वासाचं, तर मुळं गुदमरलीत. काडी कोरडी आली आणि कुंडी उचलायला हलकी लागली, तर झाड खरंच तहानलंय. कुंडी बादलीत अर्धा तास बुडवून निथळू द्या, शेंडा एक-दोन दिवसांत सावरतो.

तिसरा प्रकार फसवा. माझ्याच गॅलरीत घडलेला. काडी ओली, तरी झाड सुकत चाललेलं. कुंडी उपडी केली तेव्हा आत नर्सरीतला चिकट मातीचा गोळा जसाच्या तसा, विटेसारखा कडक. बाहेरचं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, ओलंचिंब, आणि मुळं अडकली होती त्या गोळ्यात पाण्याचा थेंब नाही. रोप आणल्यावर हा गोळा पाण्यात भिजवून हलक्या हाताने सैल करायला हवा होता, मी आळस केला.

मुळं कुजली असतील तर कुंडीतून काढून धुवा. पांढरट, टणक मूळ जिवंत. तपकिरी, बुळबुळीत, साल सुटून हातात येणारं मूळ स्वच्छ कात्रीने कापा. एक भाग लाल माती, एक भाग कोकोपीट, एक भाग जाड रेती आणि मूठभर गांडूळखत, एवढं मिश्रण पुरे. नुसती लाल माती भरू नका, दोन पावसांत ती थापल्यासारखी घट्ट बसते. कुंडी मुळांच्या गोळ्याहून दोन इंचच मोठी घ्या. ५० टक्के कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक लिटरला ३ ग्रॅम कालवून एकदा मुळाशी ओता, हातमोजे घालूनच. ट्रायकोडर्मा ही मुळांना राखणारी उपयोगी बुरशी द्यायची असेल तर पंधरा दिवसांनी. दोन्ही एकदम दिलं तर औषध तिलाही मारतं. तीन आठवडे झाड उजेडात ठेवा पण उन्हात नको, आणि नवा कोंब दिसेपर्यंत खत अजिबात नाही. कुंडीखालची ताटली काढूनच टाका. तिच्यात मुळं कुजतात आणि डास होतात, मग पालिकेचा माणूस दारात उभा.

मुळं ठणठणीत, तरी आतल्या बाजूची पानं राखाडी होऊन झडतायत? फांदीखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा. कागदावर ठिपके चालायला लागले तर तो लाल कोळी, पानांचा रस शोषणारी बारीक कीड. आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने झाड धुवा, मग संध्याकाळी लिटरला ५ मिली निंबोळी तेल आणि थोडा पातळ साबण मिसळून फवारा, आठवड्याने पुन्हा. समुद्रासमोर राहणाऱ्यांनी साबणाला आवर घालावा आणि दुसऱ्या दिवशी साध्या पाण्याने झाड धुवावं. खारा वारा हे झाड एरवी सहज सोसतं, ते पानांवरच्या मेणामुळे. सिडनीच्या किनाऱ्यावर सांडपाण्यातले साबणासारखे पदार्थ समुद्री तुषारांतून पानांवर बसले, मेणाचा थर गेला आणि याच जातीची झाडं मिठाने जळली.

फांद्यांमधलं अंतर वाढलंय, त्या बारीक होऊन खाली झुकल्यात, तर उजेड कमी पडतोय. हॉलच्या कोपऱ्यातून, एसीच्या झोतातून झाड हलवा. सकाळचं दोन-तीन तास ऊन मिळेल अशी पूर्वेची गॅलरी उत्तम, पण आठ-दहा दिवस घेत हळूहळू.

सगळ्यात खालचा मजला पिवळा पडून एखाद-दुसरी फांदी गेली तर जाऊ द्या, म्हातारी फांदी ती. मात्र तिथे नवी फुटत नाही. वाकलेला शेंडा तर कापूच नका. त्याला बांबूचा आधार द्या, जुन्या साडीच्या पट्टीने सैल बांधा. शेंडा गेला की घाट बिघडतो, आणि बाजूच्या फांदीचं कलम लावलं तरी ते आडवंच वाढत राहतं.

हे सगळं आत्ता केलंत तर डिसेंबरपर्यंत झाड उभं राहील. तेव्हा सजवताना घंटा, चांदण्या आतल्या जाड भागावर अडकवा, टोकांवर नको. फवाऱ्याचा खोटा बर्फ मात्र माझ्या झाडावर मी मारू देत नाही. कापूस पसरा, जानेवारीत उचलून ठेवता येतो.